तीस सेकंदांत दोन पावलं जास्त

प्रश्न: सर, नमस्कार. वय ४४, वजन ७८ किलो, सरकारी कार्यालयात टेबलावरची नोकरी. दोन वर्षांपासून आठवड्यातून चार दिवस अंबाझरी तलावाच्या बाजूला धावतो. वेग किलोमीटरला सात मिनिटं. जानेवारीत पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, करायची आहे. ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, की तू टाचेवर पडतोस म्हणून वेग वाढत नाही आणि गुडघा दुखतो. चवड्यावर पळायला शीक. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून दीड महिना तसा सराव केला. गुडघा बरा आहे, पण आता उजवी पोटरी दगडासारखी होते आणि सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेच्या वरची शीर दहा मिनिटं ओढते. घड्याळ सांगतं की पावलं मिनिटाला १५६ पडतात. ती १८० हवीत म्हणे. परवा मुलीने माझा धावतानाचा व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही पळून राहिले की खुर्चीवर बसून राहिले?" नेमकं सुधारू काय? सोळा हजारांचे बूट बघून ठेवले आहेत, ते घेऊ का?
— एक धावणारा, त्रिमूर्तीनगर, नागपूर

भाऊ, तुमच्या मुलीचं निरीक्षण ग्रुपमधल्या मित्राच्या सल्ल्यापेक्षा कामाचं आहे. त्याच्याकडे येतोच. आधी पोटरी, कारण ती जानेवारीपर्यंत दम धरणार नाही.

धावताना दर पावलाला जमीन आपल्याला वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोराने परत ढकलते. तुमच्या बाबतीत हे दीडशे ते सव्वादोनशे किलोंच्या घरात जातं. एवढा भार कुणाला तरी झेलावाच लागतो. टाच आधी टेकली तर गुडघा आणि मांडीचा पुढचा भाग जास्त झेलतात. चवडा आधी टेकला तर पोटरी आणि टाचेमागची ती जाड शीर, जिला डॉक्टर अकिलीस म्हणतात, ती झेलते. तुम्ही सरकारी नोकरीत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: भाराची बदली झाली, तो सेवानिवृत्त झाला नाही. गुडघ्याच्या टेबलावरची फाईल पोटरीच्या टेबलावर गेली आणि पोटरीने हे काम आजवर कधी केलेलं नव्हतं.

त्यात स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, शिरेला महिने लागतात. दीड महिना हा मोठा फसवा काळ आहे. स्नायूला वाटतं, जमलं आता, आणि शीर मागेच राहिलेली असते. सकाळची दहा मिनिटांची ओढ ही त्या शिरेची तक्रार आहे.

तेव्हा आजपासून पाय पडतो तसा पडू द्या. दोन आठवडे अंतर निम्मं करा, वेग आरामाचा ठेवा, चढ आणि जोराच्या धावा बंद. एक दिवसाआड घरच्या जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, कठडा धरा आणि टाचा वर-खाली करा. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद, असं पंधरा वेळा, आणि मध्ये विसावा घेऊन तीनदा. पहिला आठवडा दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. निम्म्या वेळा गुडघा सरळ आणि निम्म्या वेळा जरा वाकवलेला ठेवा, कारण पोटरीचा आतला थर गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो. दुखणं दहापैकी तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. शिरेऐवजी टाचेच्या हाडापाशीच दुखत असेल तर पायरी सोडून सपाट फरशीवर करा. पोटरी सुजली, गरम लागली किंवा एका जागी बोट ठेवलं की हाड दुखतंय असं झालं, तर मात्र माझं सदर बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

आता टाचेबद्दल. टाच आधी टेकणं हा गुन्हा नाही. जपानमधल्या साप्पोरोला २००४ साली एका आंतरराष्ट्रीय हाफ मॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरपाशी कॅमेरा लावून २८३ धावपटूंचे पाय टिपले होते. चांगल्या तयारीचे धावपटू होते ते, हौशी नव्हेत. त्यांच्यातले साधारण तीन चतुर्थांश टाचेवरच पडत होते. पुढच्या फळीत पायाच्या मधल्या भागावर पडणारे जरा जास्त होते हे खरं, पण ते ज्या वेगाने जात होते त्या वेगात पाय आपोआपच तसा पडायला लागतो. तुम्ही स्वतः करून पाहा. संत्रा मार्केटला सुटणारी बस पकडायला धावलात, तर टाच टेकते का?

हे मी शहाणपणाने लिहितोय खरा, पण पस्तीसेक वर्षांपूर्वी मीच मैदानावर शिट्टी घेऊन ओरडत असे, "टाच टेकली की दहा बैठका!" नवीन नोकरी होती आणि पुस्तकात वाचलेलं पोरांवर आजमावायचा उत्साह होता. आठवीतली एक मुलगी, चारशे मीटरला फार छान धावायची. महिन्याभरात म्हणाली, "सर, नळी दुखून राहिली." मी म्हणालो, होईल सवय. तिला सवय झाली नाही, ती मैदानावर यायची थांबली. तिच्या टाचेत काही खोट नव्हती. ती पाय फार पुढे टाकायची, आणि मी बघत होतो भलतंच.

तुमचंही तेच असणार, आणि ते मी व्हिडिओ न पाहता सांगतोय, कारण सात मिनिटांचा वेग, १५६ पावलं आणि 'बसल्यासारखं' दिसणं या तीन गोष्टी बहुतेक एकत्रच येतात.

पाऊल लांब पडलं की वेग वाढतो असं आपल्याला वाटतं. वाढतो, पण पाय मागे ढकलताना लांब गेला तर. पुढे फेकून लांब केला, तर तो शरीराच्या बराच पुढे टेकतो, गुडघा जवळजवळ ताठ असतो आणि त्या क्षणी जमीन आपल्याला मागे रेटते. म्हणजे दर पावलाला थोडा ब्रेक मारायचा आणि पुन्हा गाडी उचलायची. वर्धा रोडवर सिग्नल-टू-सिग्नल जाणाऱ्या ऑटोला जास्त पेट्रोल लागतं, तसंच हे. टाच टेकली काय आणि चवडा टेकला काय, पाय पुढे टेकला तर ब्रेक लागणारच. तुम्ही चवडा तेवढा बदललात, आणि पाय बहुधा तिथेच पडत राहिला, कमरेच्या दोन वीत पुढे.

पाय शरीराच्या जवळ आणायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पायाचा विचार सोडून देणं आणि पावलं मोजणं. धावता धावता उजवा पाय किती वेळा टेकला ते तीस सेकंद मोजा आणि चारने गुणा. तुमचा आकडा ३९ येईल; ३९ चोक १५६. आता तोच वेग ठेवून तीस सेकंदांत ४१ वेळा टेकवायचा. दोनच जास्त. झाली मिनिटाला १६४ पावलं, म्हणजे पाच टक्के वाढ. वेग तोच असल्यामुळे पाऊल साडेचार सेंटिमीटरने आखूड होतं. बोटं धरून बघा, अडीच-तीन बोटं. एवढ्याने काय होणार, असं तुम्ही म्हणाल. पावलांची गती पाच ते दहा टक्के वाढवली की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. तुमचा हिशेबी स्वभाव लगेच विचारेल, की पावलं वाढली म्हणजे दणकेही वाढले ना? वाढले. हाफ मॅरेथॉनला तुमची २३,००० च्या आसपास पावलं होतात, ती २४,००० वर जातील. पण प्रत्येक दणका एवढा हलका होतो की किलोमीटरमागे गुडघ्याच्या वाट्याला येणारा एकूण भार कमीच भरतो.

आणि हो, १८० चं भूत आधी डोक्यातून काढा. जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बसून धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळ्यांची १८० किंवा जास्त भरली. पण तो ऑलिंपिकच्या शर्यतीचा वेग होता. त्याच लोकांना सकाळी आरामात सात मिनिटांच्या वेगाने सोडलं असतं तर त्यांचीही पावलं कमीच पडली असती. उंच माणसाची आणखी कमी. शाळेत एनसीसीच्या परेडमध्ये 'तेज चल' म्हटलं की सगळ्यांना मिनिटाला १२० पावलं आणि प्रत्येक पाऊल तीस इंचांचं. तिथे सगळ्यांनी सारखंच टाकायचं असतं, कारण ती परेड आहे. अंबाझरीला सकाळी साडेपाच वाजता कुणी सलामी घेत नाही.

सराव असा करा. पोटरी शांत झाल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी, एका साध्या धावेत पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. मग एक मिनिट ४१ च्या हिशेबाने धावा आणि पुढची चार मिनिटं विसरून जा. असं पाच-सहा वेळा. मोबाईलवर टिकटिक करणारं मेट्रोनोमचं ॲप मिळतं, ते १६४ वर लावा. टिकटिकीने डोकं उठत असेल तर नुसतं मोजा. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं, मग तीन. पावलं वाढवताना वेगही वाढतो, ही हमखास चूक होते. दम लागला की समजा, तुम्ही पाऊल आखूड न करता नुसते जोरात पळताय. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते आपसूक व्हायला लागेल आणि १६२ वर स्थिरावलं तरी माझी काही तक्रार नाही.

दर पाच मिनिटांतलं एकच मिनिट का, तर त्यालाही कारण आहे. धावताना स्वतःच्या पावलांवर किंवा श्वासावर सतत लक्ष ठेवणाऱ्यांना त्याच वेगाला जास्त ऑक्सिजन लागतो आणि लक्ष आजूबाजूला असणाऱ्यांना कमी, असं प्रयोगात दिसून आलं आहे. ज्या कामासाठी आपण ढंग सुधारतोय, तेच काम त्या विचाराने महाग होतं. म्हणून चार मिनिटं तलावाकडे बघा, गप्पा मारा, ऑफिसातल्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घाला.

त्या एका मिनिटात कान तेवढे उघडे ठेवा. आपल्याकडे आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झाले आहेत आणि त्यांचा एक फायदा मी सांगतो: पहाटेच्या शांततेत त्यांच्यावर पावलांचा आवाज फार स्वच्छ येतो. थप्प, थप्प, थप्प येत असेल तर पाय पुढे पडतोय. पाऊल जवळ आलं की तोच आवाज टप-टप-टप असा हलका होतो. उजव्या-डाव्याचा आवाज वेगळा येत असेल तर तेही कळतं. हजारो रुपयांच्या घड्याळाला जे समजत नाही ते कानाला समजतं.

आता खुर्ची. मुलीला जे दिसलं ते असं, की कंबर मागे राहिली आहे, धड कमरेतून पुढे वाकलंय आणि गुडघे सतत मोडलेले आहेत. दिवसाचे आठ तास टेबलापाशी बसणाऱ्या माणसाचं शरीर धावतानाही ती घडी सोडत नाही. त्यात कुणीतरी 'पुढे झुका' सांगतं आणि आपण कमरेतून झुकतो. झुकायचं असतं घोट्यातून, आणि तेही अगदी थोडं. भिंतीसमोर हातभर अंतरावर सरळ उभे राहा, टाचा न उचलता अख्खं शरीर फळीसारखं भिंतीकडे जाऊ द्या आणि पडायच्या बेतात आलात की हात टेकवा. तो जो कोन आहे त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतो. धावताना एवढंच मनात आणा, की शेंडी धरून कुणी वर ओढतंय. शेंडी नसली तरी चालतं. उंच झालात की कंबर आपोआप पायांच्या वर येते.

हातांबद्दल फार लिहीत नाही. कोपरात काटकोन, खांदे कानांपासून लांब, हात छातीच्या मधल्या रेघेपलीकडे आडवे जाऊ द्यायचे नाहीत. मूठ अशी, की आत फुटलेलं कापसाचं बोंड आहे, ते पडलंही नाही पाहिजे आणि चुरगळलंही नाही पाहिजे. संपलं.

याहून जास्त सजावट करू नका. एमिल झाटोपेक हा चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू धावताना मान वेडीवाकडी करायचा, जीभ बाहेर काढायचा, चेहऱ्यावर कुणी सुरा खुपसल्याचे भाव असायचे. त्याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं घेतली, आणि मॅरेथॉन तर आयुष्यातली पहिलीच होती. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ अख्खा वेळ मान डोलावत धावायची. २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन केली, आणि तो विक्रम मोडायला २०१९ उजाडावं लागलं. वर्षानुवर्षं धावून शरीर स्वतःची काटकसर स्वतः शोधतं. बाहेरून बेढब दिसणारं सगळंच उधळपट्टीचं नसतं. आपण हात घालायचा तो ब्रेकला, कारण नवख्या माणसाला तो स्वतःहून दिसत नाही.

शरीराला ही काटकसर शिकवणारी एक जागा आपल्या गावात आहे: सेमिनरी हिल्सचा चढ. एरवी नागपूर म्हणजे पोळपाटासारखं सपाट, बाहेरचे धावणारे आले की हेवा करतात, पण सपाटीवर चुका खपून जातात. चढावर पाऊल पुढे फेकताच येत नाही, जमीनच वर आलेली असते. गुडघा उचलावा लागतो, मागून ढकलावं लागतं, हात चालवावे लागतात. शिकवायला कुणी लागत नाही. पोटरी पूर्ण बरी झाली, सकाळची ओढ सलग दोन आठवडे आली नाही, की मग आठवड्यातून एकदा आठ-दहा सेकंदांच्या सहा धावा चढावर करा. जोरात, पण दात-ओठ खाऊन नव्हे. खाली चालत या, पूर्ण दम खाऊ द्या, मग पुढची. मोजून साठ सेकंदांची मेहनत आहे. माझ्या मते दहा प्रकारच्या ड्रिल करण्यापेक्षा ही बरी. त्या गुडघे उचलून नाचण्याच्या ड्रिल वॉर्मअपला छान आहेत, फोटोलाही छान येतात, त्यांच्याने धावण्याचा ढंग बदललेला मी तरी फार पाहिला नाही.

दुसरी गोष्ट ताकद. हिच्याबद्दल मला काही शंका नाही: आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम केला की त्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागतो. जिम लावायलाच पाहिजे असं नाही. पाठीवर पुस्तकांनी भरलेली मुलीची जुनी शाळेची बॅग घ्या आणि बैठका काढा, सावकाश, आठ-दहाचे तीन फेरे. मग जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम एका पायाने चढणं-उतरणं. मग पाठीवर झोपून, गुडघे मोडून, एका पायावर कंबर उचलणं. ही शेवटची खुर्चीवाल्यांसाठी खास, कारण बसून बसून ज्या भागाची गादी झालेली असते तोच भाग धावताना आपल्याला पुढे ढकलतो. पोटरीचं वर सांगितलंच आहे, ते शर्यतीच्या आठवड्यापर्यंत सोडायचं नाही.

सिमेंटच्या रस्त्यांना सगळे शिव्या देतात, मीही देतो, पण मेमध्ये पंचेचाळीस अंशांत तापतात म्हणून. कडकपणाचा मुद्दा वाटतो तेवढा सरळ नाही. रस्ता कडक असला की पाय आपोआप मऊ होतो, गुडघा किंचित जास्त मुडपतो. पृष्ठभाग मऊ असला की पाय ताठतो. शरीर हे पहिल्या काही पावलांतच जुळवून घेतं. मला जास्त भीती वाटते ती सिमेंटचा रस्ता आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्या मधल्या चार बोटांच्या पायरीची, आणि रस्त्याच्या कडेला असलेल्या उताराची. रोज एकाच बाजूने, एकाच दिशेने धावलात तर एक पाय रोज खाली आणि एक वर पडतो. तुमची एकच पोटरी का दुखते, तर हेही एक कारण असू शकतं. फेरी कधी उलटी मारा. रेशीमबागच्या मैदानाची माती किंवा मानकापूरच्या क्रीडा संकुलाचा ट्रॅक आठवड्यातून एकदा चाखायला हरकत नाही, पण एकदम सगळं तिथे हलवू नका. पायाला नवीन पृष्ठभागही हळूहळूच द्यायचा.

आता ते सोळा हजार. तुमच्या बुटांचा तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला जास्त झिजला असेल, त्याने घाबरू नका. बहुतेकांचा तसाच झिजतो. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून कमान बघून बूट सुचवणारे दुकानदारही भेटतील. अमेरिकी सैन्यातल्या हजारो रंगरुटांवर हे करून पाहिलंय. कमानीप्रमाणे बूट दिलेल्यांच्या आणि सगळ्यांना सारखे दिलेल्यांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घालून चार पावलं पळालं की जो बूट विसरायला होतो, तो आपला. एक गोष्ट मात्र बघा: वजन. दर बुटामागे शंभर ग्रॅम वाढले की साधारण एक टक्का ऑक्सिजन जास्त लागतो. स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर वहिनींचं लक्ष नसताना बूट त्यावर ठेवा, खाली वर्तमानपत्र घालून. तुम्ही बघून ठेवलेले बूट तळात कार्बनची पट्टी असलेले असतील, तर ते तुमच्याहून बऱ्याच जास्त वेगाने धावणाऱ्यांसाठी घडवलेले आहेत आणि ते पोटरी-घोट्यावरच्या भाराची पुन्हा बदली करतात. दुखऱ्या शिरेला आता आणखी बदली नको. सध्याचे बूट फाटलेले नसतील तर जानेवारी त्यांच्यावरच काढा. घ्यायचेच झाले तर डिसेंबरच्या सुरुवातीला, आताच्याच घडणीचे.

घड्याळाने तुम्हाला आणखीही आकडे दिले असतील, पाय जमिनीवर किती मिलिसेकंद राहतो, शरीर किती सेंटिमीटर वर-खाली होतं वगैरे. तो पडदा सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. पावलांचा आकडा ठेवा.

राहिला व्हिडिओ. मुलीला पुन्हा कामाला लावा, पण जरा शिस्तीने. सिव्हिल लाईन्समध्ये रविवारी सकाळी वाहनं कमी असतात, तिथला एखादा सरळ तुकडा निवडा. तिने बाजूने आठ-दहा मीटरवर उभं राहायचं, फोन आडवा आणि तुमच्या कमरेच्या उंचीला धरायचा, स्लो मोशन लावायचं. नेहमीच्या व्हिडिओत पाय टेकण्याचा नेमका क्षण हुकतो. एकदा दहाव्या मिनिटाला काढा आणि एकदा तासाभराच्या धावेच्या शेवटी, कारण ताजेतवाने असताना सगळेच सुंदर धावतात. मग घरी पाय जमिनीला लागला तिथे चित्र थांबवा आणि एकच बघा: गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची नळी उभी आहे का? घोटा गुडघ्याच्या बराच पुढे दिसला तर ब्रेक अजून आहे, ४१ ची मिनिटं वाढवा. घोटा गुडघ्याच्या खाली आणि गुडघा थोडा मुडपलेला दिसला, तर टाच आधी टेकली की चवडा, याची चर्चा त्या मित्राशी करू नका.

पहिला व्हिडिओ आत्ताच, पोटरीला विश्रांती द्यायच्या आधी, हळू दोनशे मीटर धावून काढून ठेवा. दुसरा डिसेंबरच्या मध्यावर, त्याच जागी, त्याच बुटांत. मुलीला तर्रीपोहे आधी खाऊ घालू नका, खुर्चीचा तिचा प्रश्न ऐकता, ती हसून फोन हलवेल.